दोऱ्याचं माप

युद्धाच्या वर्षांत पत्नीच्या डाव्या छातीत गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि ताबडतोब कापून काढायला हवी म्हणाले. तिने साफ नकार दिला. तिच्या मावशीची अशीच गाठ कापली होती आणि मावशी दवाखान्यातून घरी परतली नव्हती. मग पाथर्डीच्या एका वैद्यांचं औषध सुरू केलं. सहाणेवर मुळी उगाळून लेप, पोटात भस्म आणि जेवण अळणी. मीही अळणीच जेवू लागलो. एका घरात दोन आमट्या शिजवणं मला बरं वाटेना.

वैद्य सरळ माणूस होते. म्हणाले, "दर सोमवारी गाठीवरून दोरा धरून माप घ्या. माप उतरलं तर औषध लागू पडतंय. चढलं तर माझा हट्ट नाही, बाईंना डॉक्टरांकडे न्या."

माप मी घ्यावं हे तिला पटेना. इतका संसार झाला तरी दिवसाउजेडी तसं बसणं तिला संकोचाचं वाटे. ती माजघरात जाई आणि दोन्ही टोकं चिमटीत धरलेला दोरा दाराआडून पुढे करी. मी तो फूटपट्टीवर ठेवी. कधी होतं तेवढंच, कधी पाव इंच कमी. दिवाळीपासून माप एकदाही चढलं नाही.

माझा जन्म कचेरीत जमाखर्च मांडण्यात गेला. आकडा जुळला की मी शांत होतो. या आकड्याने मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. टेबलावरून उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, परत येऊन केलेलीच बेरीज पुन्हा करायची. घरी ती डाव्या कुशीवर वळत नव्हती. कळशी उजव्या हातानेच उचलायची. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही दोरा बघितलात ना?"

संक्रांतीच्या आधी कासारीण बांगड्या भरायला आली. मी ओसरीवर होतो.

"वहिनी, उजव्या हातात सव्वादोन बसली की. डाव्यात का अडतीय? पडलात का काय?"

"दळून हात भरून आलाय."

"एकाच हातानं दळता व्हय?" कासारीण हसली आणि डाव्या हातासाठी अडीचच्या बांगड्या काढू लागली.

कासारीण जाईपर्यंत मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. मग आत गेलो.

"हात बघू."

तिने पदर ओढून घेतला.

"दोरा कसा धरतेस?"

"चिमटी जरा अलीकडे धरते."

"अगं, पण का?"

"फूटपट्टी हातात घेतली की तुमच्या तोंडाकडे बघवत नाही. आणि माप चढलं की तुम्ही मला कापायला नेणार. वैद्यांनीच तसं सांगून ठेवलंय."

"मग आता?"

ती बांगड्या मागे सारत होती. कोपराच्या अलीकडे त्या रुतत होत्या. "आता काय. दोन मापांच्या बांगड्या सगळ्या आळीला दिसणारच. चला कुठे न्यायचं तिथे."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला टांग्याने मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड बराच वेळ तपासलं. मग मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की रोग काखेत आणि त्याच्याही पुढे गेला आहे, आता कापून उपयोग नाही. लेपाबद्दल आणि अळणी जेवणाबद्दल मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गार वाटत असेल तर लावू द्या. मीठ मात्र खाऊ द्या त्यांना."

परतताना टांग्यात तिने विचारलं, "कापणार का?"

"नाही."

का नाही, हे तिने विचारलं नाही. माळीवाड्याची वेस आली. मग पदर सावरत म्हणाली, "सोमवारी पाथर्डीची मोटार मिळेल ना? मुळी संपत आलीय."

पेट्रोल मिळत नसल्यामुळे ती मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि घाटाच्या चढाला बंद पडे.

"मिळेल," मी म्हणालो. "जरा लवकर निघू. आणि आज आमटीत मीठ घाल."