वरचं अस्तर

टाकेबाईंनी शिवलेलं कापड हातात घेतलं, की सुलट कुठलं नि उलट कुठलं ते पटकन कळायचं नाही. लोंबता धागा, उघडा टाका, कच्ची कड त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. मशीन चालवून चालवून पाय थकले होते, नजर मात्र सुईच्या टोकासारखीच राहिली होती.

त्यांचे यजमान काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. आगीपुढे उभं राहून त्यांच्या भुवया कायमच्या गेल्या होत्या. कारखाना सुटला, पण एक गोष्ट मनातून सुटली नाही. "निम्मी आग धुराड्यातून वर जायची," ते येईल त्याला सांगायचे. "आभाळाला काय थंडी वाजत होती?"

म्हणून एका प्रयोगशाळेतली मुलगी काळ्या धाग्याची दोन रिळं घेऊन दारात आली नि उष्णतेचं काही बोलू लागली, तेव्हा टाकेबाईंच्या आधी तेच सावरून बसले.

"काकू, हा कार्बनचा धागा," मुलगी म्हणाली. "केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक नळ्यांना पीळ देऊन केलाय. जाड लोकरी पट्ट्यातून आरपार टाके घालायचे. पट्ट्याची एक बाजू गरम नि दुसरी गार राहिली, की धाग्यातून वीज वाहते. आमचे टाके वाकडे येतात हो."

"म्हणजे वाया जाणाऱ्या आगीची वीज?" भट्टीवाल्यांनी विचारलं.

"हो काका. थोडीशीच, पण होते."

"पोरी, मग तीस वर्षं उशीर केलास."

दोन्ही रिळं डांबरासारखी काळी, पण दोन्हींना वेगवेगळं रसायन पाजलेलं. एक टाका याचा, एक त्याचा, असं आलटून पालटून घालायचं. गफलत नको म्हणून टाकेबाईंनी एका रिळाला पांढरा दोरा बांधला. धागा तुटत नव्हता, पण सुतासारखा लाडात येऊन वळतही नव्हता. त्याची मर्जी सांभाळत त्यांनी पट्ट्यामागून पट्टे शिवले.

तोवर भट्टीवाल्यांचं दुखणं बळावलं. रक्त आटत चाललं होतं. जन्मभर आगीपुढे उभा राहिलेला माणूस उन्हात खुर्ची टाकून बसला तरी कुडकुडायचा. एक दिवस ते म्हणाले, "अगं, एक पट्टा माझ्या दंडाला बांध. बघू तरी, माझ्यात किती आग शिल्लक आहे ते."

बोलले हसून, पण टाकेबाईंना ते हसू ओळखीचं वाटलं नाही.

मुलीने उरलेला धागा आनंदाने दिला. सोबत वीज मोजायचं, काट्याचं एक छोटं मीटर दिलं. "एक बाजू अंगाला, एक हवेला, बरं का काकू," असं जाता जाता म्हणाली, आणि आठवडाभरासाठी बाहेरगावी गेली.

चार दिवस टाकेबाई खिडकीपाशी बसून होत्या.

"झालं का गं?" खाटेवरून आवाज यायचा.

"घाई केली की टाका रुसतो. गप पडा."

पट्टा झाला. त्यांनी उलटून पाहिला, तर बाहेरच्या अंगाला काळ्या टाक्यांची रांग नि जोडांवर वीज पुढे नेणाऱ्या चांदीच्या लेपाचे ठिपके. असं उघडंवाघडं काम त्यांनी जन्मात हातावेगळं केलं नव्हतं. शिवाय यांच्या दंडाला गार लागेल. त्यांनी वरून कापूस भरलेलं अस्तर लावलं, कड आत दुमडली, शिवण दिसेनाशी केली. इतकं सुरेख काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

दुपारी पट्टा बांधला. काटा किंचित थरथरला आणि शून्यावर जाऊन बसला. त्यांनी दंडावर घोंगडी ओढली. "जरा ऊब धरू दे."

दोघं काट्याकडे बघत राहिले.

"मीटरच बिघडलं असेल मेलं," टाकेबाई म्हणाल्या.

"नाही गं. भट्टी विझलीय." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पुन्हा पट्ट्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मुलगी परतली ती थेट टाकेबाईंच्या घरी आली. त्यांच्याजवळ टेकली. मग तिने कोनाड्यातला पट्टा उचलला, उलटा केला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काकू, वरून हे अस्तर..."

"बोल बाई."

"वरून झाकलं की दोन्ही बाजू सारख्याच गरम होतात. मग काटा हलत नाही. अंगात कितीही ऊब असली तरी."

टाकेबाईंनी कात्री घेतली. एकही खोट नसलेली आपलीच शिवण टाक्याटाक्याने उसवली. मग पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. काटा उठला, वर सरकला आणि तिथेच उभा राहिला.

टाकेबाई रिकाम्या खाटेकडे वळल्या. "ऐकलंत का? विझली नव्हती हो. मीच झाकून ठेवली होती."

टाकेबाई अजून प्रयोगशाळेसाठी शिवतात. एखादी नवी मुलगी पट्टा बघून म्हणते, "काकू, ही बाजू कच्ची राहिली." त्या मान वर करत नाहीत.

"राहू दे," म्हणतात. "वारा लागू दे तिला."