मांडीवर ठेवलेले हात

माझ्याशी आज कुणी गोड बोलू नका. टाळकं फिरलंय माझं.

माझी थोरली बहीण एकवीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात आहे, मी तिथंच इस्त्रीला. मशीनमधून ओल्या चादरी ओढून ओढून ताईच्या कंबरेचा काटा ढिला झालाय. डॉक्टरनं बजावलंय, ओझं उचलायचं बंद करा, नाहीतर अंथरूण धराल. अशात सुपरवायझरची जागा निघाली. बसून करायचं काम. तसंही धुलाईघर खरं चालवते तीच. मशीन अडलं की सगळे तिलाच हाक मारतात. पण वरून फर्मान आलं: सुपरवायझरला बोलण्यापुरतं इंग्रजी हवं, तोंडी परीक्षा होणार. अहो, चादरींना काय इंग्रजी कळतं?

ताई सातवी शिकलेली. तिनं रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक आणलं. त्यात सगळे जोडशब्द: टर्न ऑन, टेक आउट, रन आउट. एकटा शब्द कळतो, पण मागे शेपूट लागलं की अर्थ भलताच. बसून पाठ करायला गेली, तर डोक्यात एक टिकेना. मग तिनं ते कामालाच जुंपले. बटण दाबलं की ‘टर्न ऑन’. चादर ओढली की ‘टेक आउट’. साबण संपला की डबा उलटा करून ठोकायची, ‘रन आउट!’ ‘पुट ऑफ’ला फाटक्या चादरींचा ढीग पायानं कोपऱ्यात सारायची, म्हणजे उद्या बघू. आणि ‘गिव्ह अप’ला हातातलं सगळं टाकून खाली फतकल मारायची. आम्ही बायका हसून बेजार! दोन महिन्यांत नव्वद शब्द झाले. हात हलले की शब्द आलाच.

परीक्षेच्या सकाळी मी अक्कल पाजळली. म्हटलं, “साहेबापुढे माकडासारखे हातवारे करू नकोस बाई. हात मांडीवर ठेव आणि नीट बस.”

ती आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली, तोंड एवढंसं करून. “दातखीळ बसली गं,” एवढंच म्हणाली. जागा बाहेरच्या माणसाला मिळाली, आज तो कामावर आला. त्याला मशीनचं झाकणही उघडता येत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थेट साहेबाच्या खोलीत घुसले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, त्यांचे हात मांडीवर सारखे चुळबुळत होते, म्हणून मीच म्हणालो त्यांना, उठून करून दाखवा, चालेल. तीनदा म्हणालो. त्या म्हणाल्या, नको, बहिणीनं सांगितलंय.”

“मग परत घ्या की परीक्षा!”

“आता पुढच्या वर्षी.”

जिने कशी उतरले, मला आठवत नाही. खाली ताई मशीनपाशी वाकली होती, एक हात कंबरेवर. नवा सुपरवायझर खुर्चीतून विचारत होता, हे बटण कशाचं, ते कशाचं, आणि ती मान वर न करता सांगत होती.

“का नाही बोललीस मला?” मी ओरडलेच. “शिव्या दे! मुस्काटात मार माझ्या!”

ताईनं ओली चादर अर्धी बाहेर ओढली आणि थांबली.

“एकटीला नाही निघत गं आता,” ती म्हणाली. “ते टोक धर.”