तळहातावरचा भंडारा

भवानीनगरच्या स्टँडवर आबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि म्हणाले, "जाशील तितं ऐक जास्त, बोल कमी." फौजेत निघालेल्या मुलीला बापानं काही गोड बोलावं, असं तेव्हा वाटलं होतं. पण नोकरीत नेमकं तेच करायचं निघालं. लढाईच्या दिवसांत शत्रूचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथच होती. आमच्या गावात, निरवांगीत मात्र मी ऑफिसात कागद रंगवते, असं सगळे समजत.

त्याच लढाईत शेजारच्या राधाकाकूंचा संभा बर्फातल्या चौकीवर होता. एका सकाळी हेडफोनवर मी काय ऐकलं, ते आजही लिहिणार नाही. त्यात संभाच्या चौकीचं नाव होतं, एवढंच. संध्याकाळी गावातल्या दुकानावर फोन लावला, तर आईच्या हातून काकूंनीच रिसिव्हर घेतला.

"सुनंदे, आमचा संभा बरा हाय न्हवं?"

"काकू, मी कागदं लिहिणारी. मला कुठलं कळायला?" म्हटलं. संभा गेल्याची तार नंतर आली.

पुढे फौज सुटली. बारामतीत वकिली केली, न्यायाधीश झाले. आपल्या जिल्ह्यात आम्हाला बसवत नाहीत, म्हणून पोस्टिंग कायम लांबची. माझ्यासमोर रोज माणसं शपथ घेऊन खोटं बोलतात आणि मी चेहरा हलू देत नाही. गावी जायचे, पण काकूंचा उंबरा चुकवूनच. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

यंदा गावानं माझा सत्कार केला. कुठून कळलं देव जाणे, पण भाषणाच्या भरात सरपंच बोलून गेले, "मॅडम लढाईत गुप्तहेर खात्यात होत्या!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या काकूंचे हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या अंगणात आल्या. माझा हात ओढून तळहातावर खंडोबाचा भंडारा ठेवला. आमच्याकडे भंडारा हातात असताना खोटं बोलत नाहीत.

"तवा तुला ठावं व्हतं का? बोल."

आबा दारात थिजले. तोंड उघडलं असतं तर फौजेतली शपथ तरी मोडली असती, नाहीतर ही. मी गप्प उभी राहिले. आरोपी गप्प बसला म्हणून दोषी ठरत नाही, हे मी कितीतरी वकिलांना सुनावलंय. काकूंना कायदा ठाऊक नव्हता. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. तळहातावरचा भंडारा चिमटीत घेऊन त्यांनी माझ्या कपाळाला लावला. "येवढं एकटीनं वागवलंस व्हय गं? चल, भाकरी खा."

संभाच्या फोटोसमोर बसून भाकरी खाल्ली. रडलेही, आणि तेव्हा चेहरा सांभाळला नाही.

कोर्टातले लोक अजून विचारतात, मॅडम, घर कुठलं? पूर्वी मी पुणे जिल्हा एवढंच सांगायचे. आता निरवांगी म्हणते.