धुऱ्यापासून एका पावलावर

धम्मदीप आमच्या अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांचा चहा सांगायचा. सांगायचा म्हणजे सांगायचाच, विचारायचा नाही. कोणाला साखर कमी, कोणाला बिनदुधाचा, त्याला सगळं पाठ. माझ्यापुढे मात्र कप यायचाच नाही, कारण नोकरीच्या सुरुवातीला मला पित्ताचा त्रास होता आणि मी रोज नाही म्हणायचे. पुढे पित्त गेलं, पण त्याच्या हिशेबी नगमा मॅडम चहा पीत नाहीत म्हणजे पीत नाहीत. मीही काही कमी हट्टी नाही. कोणी विचारत नसेल तर आपण कशाला मागायचं?

त्याच्या पीएचडीचा विषय ऐकला की पाहुणे विषय बदलत. शेतकरी यंदा कपाशी पेरणार की सोयाबीन? उत्तर दोनातलं एकच. पण त्या उत्तराच्या पोटात जे हलत असतं, भाव, पाऊस, घरातल्यांची उमेद, ते एका जागी ठरत नाही. अशा भटकणाऱ्या आकड्यांना आम्ही अस्थिर कालश्रेणी म्हणतो. जुने बाजारभाव मिळवायला तो सुट्टीत अकोल्याच्या चकरा मारायचा, आणि वर्गात पोरांना झोप लागू नये म्हणून फळ्यावर बैल काढायचा. बैल बैलासारखा दिसत नसे, ते सोडा.

"खुंट्याला बांधलेला बैल दोरीपुरताच फिरतो," तो म्हणायचा. "त्याची सरासरी जागा सांगता येते. सुटलेल्या बैलाला परतायची जागाच नाही. तो उभा असेल तिथूनच पुढे निघतो. आता दोन वावरं, मध्ये धुऱ्याचा बांध. आपल्याला लांबून एवढंच दिसतं की बैल अलीकडच्या वावरात आहे की पलीकडच्या. वर्षानुवर्षं अलीकडे दिसला, तर तो अलीकडचाच म्हणाल का?"

पोरं हो म्हणत. तो खूश होऊन खडू आपटायचा. "चुकलात! नुसता भटकणारा बैलही कितीतरी काळ एकाच बाजूला सापडतो. हो आणि नाही मोजून त्याचा स्वभाव ठरत नाही. तो धुऱ्यापासून कोसभर असेल, नाहीतर एका पावलावर."

त्याचे वडील जानराव नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात एकटेच राहायचे. बायको गेलेली, मुलगी पिंकी लग्न होऊन अकोल्याला. थोडं वावर, बैलजोडी, आणि कमालीचा ताठा. कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प होत, अशी ती वर्षं होती. पेपर उघडायची भीती वाटायची. बापाने अमरावतीला येऊन राहावं, एवढी एकच इच्छा धम्मदीपला होती. त्याने समोरची हवेशीर खोली रिकामी ठेवली होती, खाटही टाकली होती.

दर बुद्धपौर्णिमेला तो गावी जायचा. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली की बापलेक पारावर बसत आणि तो विचारायचा, "बाबा, यंदा येता का मंग?"

जानराव म्हणायचे, "नाही लेका. बैलाईले कोन पाहीन? एक साल आजून पाहू दे."

पेरणीआधी मुलाने विचारायचं आणि बापाने नाही म्हणायचं, हे त्या घरात सणाइतकंच पक्कं झालं होतं. गाववालेही कान देऊन बसत. परत आला की धम्मदीप स्टाफरूममध्ये सांगायचा, "आमच्या म्हाताऱ्याची कालश्रेणी एकदम स्थिर आहे." आम्ही हसायचो.

दोन हजार सहाच्या बुद्धपौर्णिमेला त्याने विचारलं नाही. पारावर बसता बसता चारचौघांत म्हणाला, "बाबा, यंदा इचारतच नाही मी. तुमचं उत्तर मले पाठ झालं."

सगळे हसले. जानरावही हसले. "बरं," म्हणाले, आणि खिरीची वाटी त्याच्याकडे सरकवली. घरी गोठा रिकामा होता. बैल चरायला गेले असतील, असं धम्मदीपने गृहीत धरलं.

त्या पावसाळ्यात जानरावांनी ताप अंगावर काढला. निरोप पोचला तेव्हा उशीर झाला होता.

जलदानविधीला आम्ही कॉलेजातले सगळे गेलो. जेवणं झाल्यावर पंचफुलाबाई, जानरावांची चुलतबहीण, धम्मदीपजवळ येऊन बसल्या. शेजारीच राहायच्या त्या.

"काहून रे, त्या पुनवेले तू त्याले इचारलं नाही?"

धम्मदीपला काही कळेना. "आत्या, बाबा नाहीच म्हनत होते ना दरसाल."

"आवंदा हो म्हननार होता. बैल इकले होते त्यानं. वावर बटईनं द्याचं बोलनं झालं होतं. वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. मी म्हटलं, भाऊ, तूच सांग ना पोराले. तं म्हने, बिनबोलावता पोराच्या घरी कोन जाते? थो दरसाल इचारते, इचारू दे." त्या पदराने डोळे पुसत होत्या. "तू गेला अन् त्यानं वळकटी सोडली. दुसऱ्याचे बैल आनून पेरनी केली."

धम्मदीप रडला नाही. त्याने फक्त वळकटी कुठे आहे ते विचारलं. मला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. जे हा माणूस सगळ्या वर्गाला समजावून सांगायचा, ते बापाच्या बाबतीत त्याला सुचू नये? म्हाताऱ्याचाही राग आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मग मला माझा चहा आठवला.

तो परत रुजू झाला तेव्हा रमजान लागला होता. दुपारी चहावाला आला. धम्मदीप उठला आणि एकेकाच्या टेबलापाशी जाऊन विचारू लागला. माझ्यापाशीही आला.

"नगमा मॅडम, चहा घेता का?"

"अहो, रोजे सुरू आहेत. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी विचारतो."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच हो म्हणावंसं वाटलं होतं, आणि मला नाही म्हणावं लागलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेला.