फांदी पाहून मारलेला ब्रेक

"गाडी आपल्या मनानं चालते म्हणते, मंग हा बुवा स्टेरिंगवर काऊन बसून राह्यते?"

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात, चहाच्या टपरीवर कोणीतरी आमच्या गाडीकडे बघत म्हणालं. आमचे ड्रायव्हरकाका चहा घेत शेजारीच उभे होते. वळूनही न बघता ते म्हणाले, "नवी सून हाय भाऊ. घर समजेपर्यंत सासरा लागते जवळ."

सगळे हसले. मी मागच्या सीटवर होते, काच अर्धी खाली होती. मलाही हसू आलं, पण मी लॅपटॉपकडे बघत राहिले. ओळख नसलेल्या माणसांच्या हसण्यात सामील व्हायला मला जमत नाही.

गाडीच्या टपावर कॅमेरे आणि सेन्सर बसवलेले होते. ती आपली लेन धरून चालायची, पुढच्या वाहनापासून अंतर ठेवायची, वेळ आली तर स्वतः ब्रेक लावायची. बंदिस्त ट्रॅकवरच्या चाचण्या झाल्या होत्या. आता खऱ्या रस्त्यावर ती किती सुरक्षित आहे, हे बघायचं होतं. काकांनी पाय ब्रेकजवळ ठेवून बसायचं आणि धोका वाटला तरच गाडी ताब्यात घ्यायची. त्यांनी ताब्यात घेतली की माझ्या स्क्रीनवर एक छोटी चौकट उघडायची. त्यात दोनच पर्याय: गरजेचं, विनाकारण. वीस सेकंदांत निवडलं नाही तर चौकट बंद होई. नंतर संध्याकाळी त्याच चित्रीकरणात, ब्रेकच्या क्षणापर्यंत दिसणाऱ्या वस्तूंभोवती चौकोन काढून त्यांची नावं लिहायची, हेही माझंच काम. त्यावरून गाडी शिकणार होती.

मला घेतलं ते 'लोकल' म्हणून. मी वर्ध्याचीच. पण शाळेची सगळी वर्षं मी इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये, दुसऱ्या रांगेत, मांडीवर दप्तर घेऊन काढली. सिंदीला मावशीकडे जायचं तर रेल्वेने. हायवे मला पाट्यांवरच्या नावांपुरताच माहीत होता. मुलाखतीत हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काकांनी वीसेक वर्षं हैदराबादकडे ट्रक नेले होते. त्यांचं गाव जामपासून जवळच. या नोकरीमुळे ते पहिल्यांदाच रोज घरी जेवायला जाऊ लागले होते. "बायको म्हणते, इतक्या वर्षानं समजलं का तुमाले वांगं आवडत नाई," असं त्यांनी एकदा आरशातून माझ्याकडे बघत सांगितलं. मी मान हलवली. त्यांना बोलायला तेवढंही पुरत असे.

विनाकारणच्या नोंदी वाढल्या तर ड्रायव्हर बदलतात, हे त्यांना ठाऊक होतं. नोंद कोण करतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. "वरतून कोनीतरी पाह्यते म्हणते आपल्याले," टपाकडे बोट दाखवून ते म्हणाले होते. मी "हो" म्हटलं. ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

डिसेंबरमध्ये, कापसाच्या दिवसांत, आम्ही दुपारी हिंगणघाटकडे निघालो होतो. पुढे रस्ता पुलावर चढत होता. त्याआधीच काकांनी "थांब वं माय" म्हणत ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे घेतली. चौकट उघडली. स्क्रीनवर पुढचा रस्ता मोकळा होता, गाडीने धोका म्हणून एकाही वस्तूभोवती लाल रेघ काढली नव्हती. मी 'विनाकारण' दाबलं. एरवी मी लगेच वेळ आणि ठिकाण टाइप करायला घेते आणि पुढची दोन मिनिटं मान वर करत नाही. त्या दिवशी लॅपटॉप अडकला. काही करता येईना म्हणून मी बाहेर बघितलं.

डाव्या लेनमध्ये कडुनिंबाची एक हिरवी फांदी पडली होती, तिच्या शेंड्यावर धोंडा. थोड्या अंतरावर आणखी एक फांदी. चढ संपल्याबरोबर कापसाने फुगलेला एक ट्रक, मागचं चाक काढलेला, लेनच्या मधोमध उभा होता. दोन माणसं त्याच्याखाली शिरलेली. आम्ही शेजारून हळू निघून गेलो.

पूल मागे पडल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ट्रक आधीच दिसला होता?"

"ट्रक कुठून दिसन? फांदी होती ना." मग आरशात माझा चेहरा बघून ते गोंधळले. "तुमाले नाई माहीत? गाडी फेल झाली का मागं फांदी टाकतेत. दिसली का समजाचं, कोनी अडकून हाय पुढं."

ती एक नोंद मी त्याच दिवशी बदलली. जुन्या नोंदी अहवालात गेल्या होत्या, त्या बदलता येत नव्हत्या, फक्त बघता येत होत्या. त्या संध्याकाळी घरी बसून मी सगळी चित्रीकरणं पुन्हा लावली. या वेळी काकांच्या ब्रेकनंतर थांबले नाही, पुढे बघत गेले. बाभळीची फांदी, पुढे बंद पडलेला ट्रॅक्टर. धोंड्यांची ओळ, पुढे उसाची ट्रॉली. पळसाची फांदी, पुढे टेम्पो. दोन ठिकाणी मात्र पुढे काहीच नव्हतं. गाडी दुरुस्त करून लोक गेले होते, फांदी तशीच सोडून.

प्रत्येक फांदीभोवती माझ्या हाताने काढलेला नीट चौकोन होता. खाली लिहिलं होतं, व्हेजिटेशन. रस्त्याकडेच्या गवतालाही मी तेच नाव दिलं होतं. त्या नावाच्या वस्तूसाठी गाडीने वेग कमी करायचा नसतो.

हे कळवायचं तर दोन ओळींचा ईमेल पुरेसा होता. मी तो इंग्रजीत लिहिलाही. नीट झाला होता. पण पाठवला असता तर माझं सगळंच काम पुन्हा तपासायला काढलं असतं, आणि माझा करार मार्चपर्यंतचाच होता. मी तो तसाच ठेवला. शुक्रवारपर्यंत तो तिथेच होता.

शुक्रवारी पुण्याहून आमचं काम बघणारे कंपनीचे सर आले. जामच्या एका लॉजमध्ये खालची खोली आम्ही ऑफिस म्हणून घेतली होती. सर वाईट माणूस नव्हते. हसतमुख, काकांना 'अहो काका' म्हणणारे. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला आणि काकांना समोर बसवलं. काका खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर.

"अहो काका, सूनबाईला काही करू द्याल की नाही? तुम्ही अगदी सासूसारखे मधे मधे."

"नाई साहेब, मी कायले..."

"इथे बघा ना. रस्ता मोकळा, ब्रेक. परत मोकळा, ब्रेक. तुमचा गाडीवर विश्वासच नाही. मग तिची चाचणी होणार कशी?"

काका पडद्याकडे वाकून बघत होते. सरांनी आता गाडीचं चित्रीकरण लावून एका जागी थांबवलं होतं. "फांदी हाय साहेब ते," ते म्हणाले.

"फांदीसाठी ब्रेक?" सर हसले. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेले दोघेही हसले.

काका पुढे काही सांगतील असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. फांदी आहे म्हटल्यावर सगळं सांगून झालं होतं. समोरच्याला तेवढ्यात कळत नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. ते टोपी हातात फिरवत राहिले.

"वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "सोमवारपासून आपण दुसरा ड्रायव्हर बघतोय. तुमच्यासाठी ट्रकचं काही असेल तर मी नक्की सांगेन. लांबच्या फेऱ्या चालतात ना तुम्हाला?"

"चालते," काका म्हणाले, इतक्या हळू की सरांनी पुन्हा विचारलं.

सर वहीत लिहू लागले. माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता, त्यात तो ईमेल. पाठवायला एक बोट पुरलं असतं. पण सर तो पुण्याला पोचल्यावर वाचणार होते, आणि काका आत्ता उठत होते. मी सरांशी नेहमी इंग्रजीत बोलते, तेही विचारलं तरच. त्या वेळी इंग्रजी शब्द सापडेनात. मीही उठून उभी राहिले, त्याची काही गरज नव्हती.

"सर, इथे फांदी टाकतात ती पुढे गाडी बंद पडली आहे म्हणून. काकांना ते दिसतं, मला दिसत नव्हतं. 'विनाकारण' मी दाबत होते, काका, वरून कोणी नाही. त्यातल्या दोनच नोंदी बरोबर आहेत, बाकी चूक माझी आहे."