गंजी की खळगा

हे विश्वंभरा, भूमीच्या उदरात बी जपणारा तूच, आणि माणसाने तिथे पुरलेल्या संहारावर झोपेचे पांघरूण घालणाराही तूच! तुझ्या चरणी माथा ठेवून हॅम्बर्गच्या कुमुदिनीची कथा सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात विमानांतून टिपलेली जुनी छायाचित्रे वाचून जमिनीत राहिलेले बॉम्ब शोधणे हे तिचे काम. फुटलेल्या बॉम्बचा खळगा मोठा, कुणालाही दिसणारा. न फुटता रुतलेल्याचा खळगा मात्र लहान, नुसता काळा ठिपका. तो सापडला नाही, तर वर घर बांधणारा जिवानिशी जातो. तिने निर्धोक ठरवलेल्या किती कुरणांवर आज घरे उभी आहेत!

तिनेच निर्धोक ठरवलेल्या आणखी एका कुरणावर आज खोदाई सुरू होणार होती, आणि देखरेखीला तिची लेक, अभियंता उर्जा. आईने कौतुकाने त्या छायाचित्राची प्रत न्याहारीच्या टेबलावर मांडली. समोर बसलेल्या नवऱ्याने, प्रदीपरावांनी, विचारले, "हा खड्डा कसला गं?"

"खड्डा नाही हो, गवताची गंजी आहे."

"मग तुझी गंजी जमिनीत शिरलेली दिसते."

थट्टाच ती, पण कुमुदिनीने छायाचित्र पुन्हा निरखले. छायाचित्रातली सावली पाहणाऱ्याकडे पडली पाहिजे, नाहीतर खोल ते उंच भासते, हा तिच्या विद्येचा पहिला धडा. आणि बांधकामाच्या नकाशाशी जुळावे म्हणून तिने उत्तर दिशा वर ठेवली होती. सावली पलीकडे पडत होती. ती टेबलाला वळसा घालून नवऱ्याच्या बाजूला आली. पाहता पाहता गंजी खचली, न फुटलेल्या बॉम्बचा खळगा झाला.

उर्जा फोन उचलेना. यंत्राच्या घरघरीत ऐकू येत नसेल, की ऐकायला ती उरलीच नसेल? प्रदीपराव पोलिसांना कळवू लागले. कुमुदिनी पुन्हा पुन्हा फोन लावी, आणि दर घंटीला ओठांत नारायण, नारायण. अखेर लेकीचा वैतागलेला आवाज आला, जर्मनमध्ये.

"उर्जा, बॅगर थांबव. सगळ्यांना घेऊन दूर हो. माझं चुकलंय."

पलीकडे लेकीने चालकाला मारलेली हाक ऐकू आली. मग बॅगरची, त्या खोदाईयंत्राची, घरघर थांबली.

बॉम्ब होता. यंत्राच्या दातांखाली हातभर मातीच उरली होती. संध्याकाळी तो निकामी झाला, लेक सुखरूप घरी आली. पण आईने जेवणाचे ताट बाजूला सारले. आपली सारी छायाचित्रे दुसऱ्या कुणी तपासावीत, असे तिने कचेरीला स्वतःहून कळवले होते. प्रदीपराव म्हणाले, सापडला ना, आता जेव.

"अहो, उत्तर दिशा वर ठेवून मी आणखी किती छायाचित्रं वाचली असतील? त्या घरांत माणसं झोपतात."



नारायणा, या माउलीच्या डोळ्यांना धीर दे. प्रदीपरावांना, उर्जेला उदंड आयुष्य दे. आणि तिच्या शब्दावर विसंबून जिथे जिथे चूल पेटली, त्या प्रत्येक उंबऱ्याखाली तुझा तळहात राहू दे.