गिरणी थांबली तेव्हा

गिरणीतून आणलेल्या गरम ज्वारीच्या पिठाचा वास आला की मला परंड्यातली ती सकाळ आठवते. कॉलेजात असताना एका गेममध्ये फेरफार करून मी त्यात आमच्या गावचा किल्ला उभा केला होता, एकेक बुरूज जाऊन बघून, आणि तो फक्त एका मेमरी कार्डात होता. कार्डाचे दोन भाग होते, एकात किल्ला, दुसरा रिकामा. किल्ल्याला जागा पुरेना म्हणून रिकामा भाग पुसून सगळं कार्ड एक करायला घेतलं. काम मध्येच तुटलं तर कार्ड जाणार, आणि शेजारची गिरणी सुरू झाली की आमचा कॉम्प्युटर हमखास बंद पडायचा. मी पळत गिरणीवाल्या काकांकडं गेले. “काका, दहा मिनिटं गिरणी लावू नका.” काकांचा हात बटणावरच होता. “लई महत्त्वाचं हाय का?” “व्हय.” डबे घेऊन थांबलेल्या बायकांतल्या एक मावशी म्हणाल्या, “होऊ द्या पोरीचं काम.” घरी येऊन मी पडद्यावरच्या पट्टीकडं बघत बसले. गिरणी गप्प असल्यानं घड्याळाची टिकटिकसुद्धा अंगावर येत होती. पट्टी भरली. कार्ड उघडलं तर रिकामं. गिरणीत जायच्या आधीच, पहिल्याच क्लिकला, मी किल्ल्याचा भाग पुसला होता. मावशींनी दारातून विचारलं, “झालं का गं?” “झालं, मावशी.” गिरणी सुरू झाली आणि कॉम्प्युटर बंद पडला. किल्ला मी पुढं पुन्हा बांधला. मावशी मात्र अजून भेटल्या की म्हणतात, “त्या दिवशी आमी थांबलो म्हणून तुझं काम झालं,” आणि मी मान हलवते.